आप्पांचा 'सर्वो'

इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, पण खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. लोट्याच्या एका केमिकल कंपनीत, लॅबमध्ये नोकरी. जे तपासता येत नाही त्यावर बोलू नये, हे मी घरात इतक्यांदा ऐकवलंय की बायको आता वाक्य सुरू झालं की उठून जाते. आज मीच लिहायला बसलोय... आणि लिहिताना भीती नाही, लाज वाटतेय. का ते पुढे कळेल.

आमचं घर लोट्यापासून जवळच, हायवे सोडून थोडं आत. माझे वडील, आप्पा, बोटीवर खलाशी होते. बरीचशी नोकरी ऑस्ट्रेलियाच्या बंदरांवर ये-जा करण्यात गेली. दोनेक वर्षांपूर्वी त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू अधू झाली आणि वाचा गेली. म्हणजे शब्द थोडेच उरले – 'चहा', 'नको', आमची नावं, मधेच बोटीवरचं एखादं इंग्रजी. समजतं मात्र सगळं. पेपर वाचतात, बातम्या बघतात.

गेल्या फेब्रुवारीत माझ्या मुलीचा, सायलीचा, साखरपुडा होता. घरापुढच्या अंगणात मांडव घातलेला. मुलाकडची मंडळी चिपळूणची, मोठी, बोलायला-चालायला नीटस. मला सकाळपासून एकच धास्ती – कुठे काही कमी दिसू नये. माझी मोठी बहीण सुमनताई पनवेलहून एकटीच गाडी चालवत येत होती. तिला डायबेटिस आहे, इन्शुलिन घेते. कशेडीचा बोगदा ओलांडल्यावर तिने फोन केला, की आलेच, जेवायला माझ्यासाठी थांबा.

आप्पांना नवा शर्ट घालून पडवीत खुर्चीवर बसवलं होतं. अंगठ्या घालून झाल्या, पेढे वाटणं चाललं होतं आणि ते अचानक बोलू लागले, "सर्वो... सर्वो..." मला वाटलं, सर्व आले का, असं विचारतायत. मी म्हटलं, हो आप्पा, सर्व आले. त्यांनी मान जोरात हलवली. "सुमी... हवा... सर्वो." उकडतंय म्हणून मी पंखा त्यांच्याकडे वळवला, तर डाव्या हाताने त्यांनी तो ढकलून दिला. आणि बाजूने जाणाऱ्या मुलाच्या आईचा पदर घट्ट धरला! तोंडातून लाळ येत होती, आवाज चढलेला. त्या बाई बिचाऱ्या अवघडून उभ्या. सगळा मांडव आमच्याकडे बघत होता.

मी त्यांची बोटं एकेक करून सोडवली. हसत हसत, माफी मागत त्यांना आतल्या खोलीत नेलं, कॉटवर बसवलं आणि बाहेरून कडी लावली. मग गाणी जरा मोठ्याने लावायला सांगितली.

एक गाणं संपून दुसरं लागायच्या मधल्या वेळात ते ऐकू यायचं. आतून दारावर – ठक, ठक, ठक. माझ्या शेजारी मुलाचे काका बसले होते. बरीच वर्षं मेलबर्नला राहून आलेले. त्यांनी विचारलं, आत कोण आहे? मी म्हटलं, वडील आहेत, त्यांचं डोकं चालत नाही हल्ली.

हे मी बोललो. त्यांचं डोकं चालतं हे मला पक्कं माहीत असताना.

काकांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "ते 'सर्वो' म्हणत होते का?"

त्यांनी सांगितलं ते असं. आपल्याकडे सर्व्हिस स्टेशन म्हटलं की गाडी धुवायची, दुरुस्त करायची जागा. ऑस्ट्रेलियात पेट्रोल पंपालाच सर्व्हिस स्टेशन म्हणतात. तिथेच पेट्रोल, तिथेच हवा, तिथेच चहा-सँडविच. आणि बोलताना त्याचं करतात 'सर्वो'. अमेरिकन माणूस गॅस स्टेशन म्हणेल, पण सर्वो म्हणणारा माणूस ऑस्ट्रेलियात राहिलेलाच असणार.

मी म्हटलं, असेल, जुनं काहीतरी आठवलं असेल. पण सायलीने ऐकलं, "आणि 'सुमी' म्हणाले ते?" म्हणत लगेच आत्याला फोन लावला. रिंग जात होती, उचलत नव्हती. पुन्हा लावला, पुन्हा तेच. काकांनी खिशातून गाडीची किल्ली काढली. "चला, बघून येऊ. काही नसेल तर परत येऊन हसू."

मी गेलो. विश्वास बसला म्हणून नाही हं – व्याह्यांच्या माणसाला नाही कसं म्हणायचं, म्हणून गेलो.

खेडच्या दिशेने निघालो. पहिल्या पंपावर काही नव्हतं. मला रस्ताभर कानकोंडं झालेलं. दुसऱ्या पंपावर, कोपऱ्यात, टायरमध्ये हवा भरायच्या मशीनपाशी ताईची गाडी उभी होती. इंजिन चालू, काचा बंद. ताई स्टिअरिंगवर कलंडलेली, घामाने चिंब. पंपावरच्या माणसाला वाटलं, बाई दमून झोपल्यात, म्हणून कोणी जवळ गेलं नव्हतं. काकांनी दगड घालून मागची काच फोडली. आम्ही तिला खेडच्या दवाखान्यात नेलं. शुगर भलतीच उतरली होती. इन्शुलिन घेतलेलं आणि पोटात काही नाही. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर हातातून गेली असती.

संध्याकाळी ताई नीट बोलू लागली. चक्कर आल्यासारखं झालं म्हणून दिसला त्या पंपात गाडी घातली, एवढं तिला आठवत होतं. मग म्हणाली, "दिनू, काचेवर कोण ठोकत होतं रे? डोळा लागला की ठक ठक ठक. झोपूच दिलं नाही मला."

पंपावरच्या माणसाला मी दुसऱ्या दिवशी जाऊन विचारलं. आम्ही येईपर्यंत गाडीला कोणीही हात लावला नव्हता, असं तो शपथेवर सांगतो.

डॉक्टर म्हणतात, शुगर उतरली की भास होतात. आप्पांचंही – मुलगी एकटी येतेय, काळजी वाटली असेल. वेगवेगळं धरलं तर प्रत्येकाचं उत्तर मिळतं, एकत्र ठेवलं की मला काहीच सांगता येत नाही. आईने तो शब्द त्यांच्या तोंडून आधी कधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. मी त्यांना पेट्रोल पंपाचा फोटो दाखवला. त्यांनी बघितला आणि म्हणाले, "चहा."

त्या दिवशी दवाखान्यातून घरी परतलो तेव्हा कडी आईने काढलेली होती. आप्पा दाराशी खाली बसलेले, डाव्या हाताची बोटं सोललेली.

ताईला हे कडीचं ठाऊक नाही. ती बरी होऊन घरी आली, आप्पांच्या पायाशी बसली आणि मला विचारलं, "आप्पा कुठे होते रे तेव्हा?"

"खोलीत," मी म्हटलं. "झोपले होते."

आप्पा माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी डावा हात हळूच शालीखाली घेतला.