नातवासाठी कापलेले कोश

आमच्या पपांनी ठाण्याहून इस्राएलमधल्या अश्दोदला येताना भांडीकुंडी विकली, आईचं शिवणाचं मशीन विकलं आणि कोश मात्र आणले. धर्म, तत्त्वज्ञान, समाज असल्या विषयांवरचे जाडजूड मराठी कोश, दोन पेट्या भरून. आई मरेपर्यंत त्या मशीनवरून त्यांना बोलत राहिली, आणि बरोबरच बोलत होती. ठाण्याच्या शाळेत मास्तर असलेल्या माणसाला इथे बंदरावरच्या गोदामात काम मिळालं. तिथे दिवसभर "एऽ होदी", म्हणजे ए इंडियावाल्या, अशा हाका ऐकायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन, हातपाय धुऊन, कोश उघडून बसायचं. त्या हाका मारणाऱ्यांपेक्षा आपल्याला चार गोष्टी जास्त कळतात, एवढंच त्यांना त्यातून मिळत असावं. मिळो बिचाऱ्यांना, मी म्हणायची.

मी त्यांची थोरली मुलगी. नवऱ्याला सोडून त्यांच्याच घरी राहायला आले होते आणि गावातल्या दवाखान्यात नर्स होते. माझा धाकटा भाऊ योम किप्पूरच्या लढाईवरून परत आला तो देवाधर्माचं वेड घेऊनच. आधी डोक्यावर टोपी, मग दाढी, मग येशिवातलं, म्हणजे धर्मपाठशाळेतलं, शिक्षण, मग पेताह तिक्वामधली बायको. तिने लग्नाआधीच विचारून घेतलं होतं, तुम्ही इंडियातून आलेले लोक खरे यहूदी आहात ना, नक्की ना? आमच्या भावाने मान खाली घालून आजोबा-पणजोबांची नावं सांगितली. मी तिथे असते तर तिला चांगली सुनावली असती.

त्यांना मुलगा झाला. पपांचा एकुलता एक नातू, कारण माझ्याकडून काही होणार नव्हतं. पण पपांना तो भेटायचा फक्त भावाच्या घरी. तिथे हा म्हातारा दोन बस बदलून जायचा, सोफ्याच्या कडेला बसायचा, सुनेने घड्याळाकडे पाहिलं की उठायचा. आमच्याकडे पोराला कधी आणलंच नाही. कारण काय, तर आमच्या घरात कोश होते आणि कोशांत देवादिकांची चित्रं होती. अवोदा जारा, म्हणजे मूर्तिपूजा. अशा घरात मूल पाऊल टाकणार नाही, असं भावाने उभ्या उभ्या सांगितलं.

खरं म्हणजे याच भावाला लहानपणी टेबल उंच पडायचं, तेव्हा आई दोन खंड एकावर एक ठेवून त्यावर बसवून त्याला भरवायची. मी तेही बोलून दाखवलं. तो माझ्याकडे न बघता हिब्रूत म्हणाला, तेव्हा मला समज नव्हती. अरे, आता तरी कुठे आलीय, मी म्हटलं.

पपांना एकच हवं होतं. नातवाने एकदा आपल्या घरी यावं, आपल्या खुर्चीत बसावं. बाकी ते कशावरच अडून बसले नाहीत. त्यांनी भावाला विचारलं, "सगळे टाकायलाच पाहिजेत का? वाईट तेवढं काढून टाकलं तर?" भाऊ त्याच्या राबाईला, म्हणजे धर्मगुरूला, विचारून आला. चालेल म्हणाला.

मग पपांनी दाढीचं पातं घेतलं आणि चित्रं कापायला बसले. आधी शिव-विष्णू, मग बुद्ध, मग येशू, मग कुठल्या तरी लेण्यातली मूर्ती. सरळ रेषेत, पट्टी धरून, शाळेत तक्ते कापायचे तसे. मी म्हटलं, "पपा, शेजारच्या पानाची पण वाट लागतेय." ते म्हणाले, "अगं, चित्राशिवाय पण अर्थ लागतो."

भाऊ आला. त्याने खंड उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाला, चित्रं गेली ते ठीक, पण लिहिलेलं काय आहे? आता गंमत अशी की आमच्या भावाला मराठीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. इथे आला तेव्हा अगदी लहान होता, शिकला ते हिब्रूच. तो पानावर बोट ठेवायचा आणि पपांनी सांगायचं की हे काय आहे. आणि आमचे पपा, सत्याचे अवतार, सांगायचे! "हे उपनिषदांवर." काढा. "हे जैनांच्या व्रतांवर." काढा. "हे देव नाही असं मानणाऱ्यांवर." हे तर आधी काढा.

मी त्यांना आत स्वयंपाकघरात ओढून नेलं. "डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? त्याला काय डोंबल कळतंय? सांगा ना, सगळं शेतीवर आहे म्हणून."

"खोटं बोलून नातवाला घरात आणू?" पपा म्हणाले.

"आणा! लोक खून करून काय काय आणतात!"

ते बाहेर गेले आणि खरं सांगत राहिले. भाऊ दर खेपेला यायचा, बोट ठेवायचा, आणि तो गेला की पपांचं पातं चालायचं. मला भावाचा संताप यायचा, पण त्याहून जास्त पपांचा. स्वतःच्या हाताने स्वतःला इतकं सोलून घेणारा माणूस मी दवाखान्यातसुद्धा पाहिला नव्हता. एकदा मी चिडून म्हटलं, "आता पुठ्ठे तेवढे उरले, तेही देऊन टाका." ते पातं बदलायला उठले.

शेवटी राहिला यहूदी धर्मावरचा लेख. तो राहणारच, पपांना खात्री होती. त्यात एक परिच्छेद आमच्यावर होता, बेने इस्राएलांवर. कोकणात तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनिवार तेली. घरी कोणी आलं की पपा तो परिच्छेद वाचून दाखवायचे, चहा निवून जायचा. भावापुढे त्यांनी तो मोठ्या हौसेने उघडला आणि मला म्हणाले, पुस्तकी मराठी त्याला कळायची नाही, नीट भाषांतर करून सांग हं. मी सांगितलं. पपा समोरच बसलेले, म्हणून लेखात पुढे होतं तेही सांगावं लागलं, की हे लोक कोकणात कुठून आणि कधी आले याबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही.

भावाचा चेहरा पडला. त्याच्या बायकोने लग्नाआधी विचारलं होतं तेच कोणीतरी छापून ठेवलेलं. "हे सगळ्यात घाण आहे," तो म्हणाला. "हे माझ्या मुलाच्या आजोबांच्या घरात नको."

"अरे, पण हे आपल्यावर आहे," पपा मराठीत म्हणाले.

"म्हणूनच," तो हिब्रूत म्हणाला.

ते पान पपांनी त्याच्यासमोरच कापलं. या वेळी पट्टी घेतली नाही, त्यामुळे वाकडं कापलं गेलं.

पुढच्या सुट्टीत नातू आला. पपांनी आदल्या दिवशी दुकानात डोळ्यांना लावून लावून कोशेरचा, म्हणजे धर्माला चालणाऱ्या अन्नाचा, शिक्का बघून बिस्किटं आणली होती, आमची भांडी त्यांना चालणार नाहीत म्हणून कागदी बशा आणल्या होत्या, दाढी केली होती, लग्नातला कोट घातला होता. सून वर आलीच नाही, खाली बाकावर बसून राहिली. भावाने पोराला हाताला धरून आणलं. पाच वर्षांचं गोंडस पोर, कानांशी बटा, आमच्या आईसारखं नाक. पपांनी दोन्ही हात पुढे केले, खुर्ची पुढे केली, काय करू आणि काय नको असं त्यांना झालं होतं.

पोर उंबऱ्यातच थांबलं. कपाटातल्या त्या पोकळ पडलेल्या खंडांकडे पाहिलं, पपांकडे पाहिलं आणि वर मान करून बापाला विचारलं, "अब्बा, सबा कवार यहूदी?" आजोबा आता यहूदी झाले का?

मला वाटलं, भाऊ आता त्याच्या थोबाडीत देईल. निदान लाजेल तरी. तो म्हणाला, "जवळजवळ."

पपांचं हिब्रू कच्चं होतं, पण इतकं कच्चं नव्हतं. तरी त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "काय म्हणाला गं?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली होती. मी काही झाकलं नाही. "तुम्ही यहूदी झालात का, असं विचारतोय तुमचा नातू. आणि तुमचा मुलगा म्हणतोय, जवळजवळ."

मला हवं होतं की त्यांनी आता तरी पेटून उठावं, दोघांनाही जिन्यावरून खाली हाकलून द्यावं. पपांनी पुढे केलेले हात कोटाला पुसले. नातवाकडे बघून हसले. मग हळूच मला म्हणाले, "विचार त्याला, अजून काय काढायचं राहिलंय."

मी विचारलं. भावाने खरोखरच खोलीभर नजर फिरवली. ती आईच्या फोटोवर गेली आणि त्याला घातलेल्या चंदनाच्या हारावर थांबली.