आज्ञाधारक मुलीचं शिफारसपत्र

"तूच लिहून आण, मी सही करतो."

आमच्या कॉलेजात शिफारसपत्र मागायला गेलं की आमचे भूगोलाचे सर हेच म्हणायचे, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. शिष्यवृत्ती असो की शिबिर, आपलं पत्र आपणच लिहायचं, टाईप करून न्यायचं, सरांनी सही ठोकायची, ऑफिसात शिक्का मारून घ्यायचा. झालं. मी अशी चार-पाच पत्रं नेली होती. त्यांच्याबद्दल कुणी कधी काही विचारलं नाही, म्हणजे ती बरी असणार असं मी धरून चालले होते.

पण हे पत्र जर्मनीला जाणार होतं. तिथल्या एका विद्यापीठात जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यास चालतो. इथलं शिक्षण न सोडता एका सत्रापुरतं, म्हणजे पाचेक महिने, तिथं जाऊन शिकता येतं. पाहुणे विद्यार्थी म्हणतात त्यांना. आमच्याकडं पाहुणा न सांगता येतो आणि आठ दिवस हलत नाही. त्यांच्याकडं पाहुणचारासाठी सहा महिने आधी अर्ज करावा लागतो. असो, ज्याची त्याची रीत.

मी सास्तूरची. धाराशिवला खोली घेऊन भूगोलात एम.एस्सी. करत होते आणि दर रविवारी गावी जाऊन शिवारातल्या सहा विहिरींचं पाणी मोजत होते. दोरीला वजन बांधायचं, खाली सोडायचं, दोरी किती भिजली ते बघून वहीत लिहायचं. दोन वर्षांत एक रविवार चुकवला नव्हता. आता या आकड्यांचं करायचं काय, ते मला तिथं शिकायचं होतं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, परवानगी दिली ती अट घालूनच. "एकदा कर अर्ज. झालं तर जा. न्हाय झालं तर परत त्यो इषय घरात काढायचा न्हाय." त्या 'न्हाय'च्या मागं तुळजापूरकडचं एक स्थळ ताटकळत उभं होतं. तेव्हा जे काही व्हायचं ते याच अर्जात व्हायला हवं होतं.

पत्र लिहायला मी ओसरीवर बसले. शेजारी अण्णा दावं वळत होते. काय चाललंय, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सरांच्या नावानं माझं कौतुक लिहायचंय. त्यांचे हात थांबले. आपलं आपण सांगू नये, लोकांनी सांगावं, असं म्हणून वर "झाकली मूठ सव्वा लाखाची" ही पुस्ती जोडली. एरवी मी अण्णांशी तासभर वाद घातला असता. त्या दिवशी मात्र गपगुमान ऐकलं, कारण मलाही लाजच वाटत होती. ही मुलगी असामान्य आहे, असं मी सरांच्या तोंडी घालायचं आणि सरांनी ते वाचून हसायचं! मग मी इंग्रजीत लिहिलं की विद्यार्थिनी नियमित आहे, आज्ञाधारक आहे, वर्तणूक चांगली आहे, वडीलधाऱ्यांचा मान राखते. विहिरींना एक ओळ दिली, 'तिने काही विहिरींची पाहणी केली आहे.' आमच्याकडं यापेक्षा मोठं कौतुक नसतं. 'आज्ञाधारक' लिहिताना माझं मलाच हसू आलं, ते सोडा.

सरांचा तास होता. त्यांनी व्हरांड्यातच कागद भिंतीला टेकवून सही केली आणि गेले.

तीन आठवड्यांनी, मी सुट्टीला गावी असताना, मेल आला. फार अदबीनं लिहिलेला. तुमच्या शिक्षकांना तुमच्या कामाविषयी फारसं सांगायचं नसावं, असं पत्रावरून वाटतं, असा त्याचा मथितार्थ. त्यांनी आठ दिवसांत सविस्तर लिहून थेट आमच्याकडं पाठवलं तर अर्जाचा विचार होईल, नाहीतर नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आधी स्वतःवर चिडले, मग अण्णांच्या त्या झाकल्या मुठीवर, आणि दुसऱ्या दिवशी धाराशिवच्या एसटीत बसेपर्यंत सगळा राग सरांवर येऊन थांबला होता.

सर विभागात एकटेच चहा पीत होते. मी मेलची प्रत त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी ती नीट वाचली आणि म्हणाले, "अगं, पण पत्र तर तूच लिहिलं होतंस ना?"

एवढं पुरे होतं.

"मी काय लिहिणार होते, सर? तुम्हाला माझ्याबद्दल काय वाटतं, हे पाच वर्षांत मला कधी कळलंय का? तुम्ही मला एकदाच काहीतरी म्हणालात. 'बस खाली' म्हणालात."

ते खरंच होतं. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला सर फळ्यावर आमच्या भागाचा नकाशा काढत होते. कुठलं पाणी कुणीकडं वाहतं ती रेघ त्यांनी ओढली, आणि आमच्या शिवारातला ओढा रेघेच्या भलत्याच बाजूला गेला. मी उठून तसं सांगितलं. ते म्हणाले, बस खाली. वर्ग हसला. मी बसले, पण ते हसणं काही विसरले नाही.

सरांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, आता हाकलतात. मग कपबशी बाजूला सारून ते हळू आवाजात म्हणाले की इंग्रजी त्यांना वाचता येतं, कळतं, पण लिहायला बसलं की चूक होईल या भीतीनं हात चालत नाही. म्हणून इतकी वर्षं तूच लिहून आण, तूच लिहून आण. आणि एकदा सवय लागल्यावर वाचायचंही सुटलं. हे सांगताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. माझा राग कुठं गेला कुणास ठाऊक. मला त्यांची कीव आली, आणि कीव आल्याची लाजही वाटली.

त्यांनी रेघी कागद घेतले आणि मराठीत लिहायला लागले. मी समोर बसून राहिले. दोन पानं भरली. म्हणाले, "तू याचं इंग्रजी कर. दोन्ही पाठवू. भाषांतर विद्यार्थिनीनंच केलंय, हेही लिहू. लपवायचं कशाला?"

मी वाचू लागले. 'विहीर कोरडी पडली की मोजमाप थांबवतात. या मुलीनं कोरडी विहीरही दर रविवारी मोजली आणि वहीत शून्य लिहीत राहिली. त्यामुळं पाणी परत कोणत्या आठवड्यात आलं, हे फक्त तिला सांगता येतं.' माझ्या वह्या ते तपासताना नुसती बरोबरची खूण करायचे. मला वाटायचं, बघतसुद्धा नाहीत. माझे डोळे भरून आले. तरी भाषांतर करताना मी दोन विशेषणं हळूच गाळली, आणि शेवटच्या परिच्छेदातलं एक वाक्यही.

सरांनी माझं इंग्रजी ओळीवर बोट ठेवून वाचलं. विशेषणं परत घालायला लावली. मग बोट शेवटी थांबलं.

"एक वाक्य राहिलं."

"राहिलं नाही सर. गाळलं."

"का?"

"खाली तुमची सही येणार."

"म्हणूनच लिही," ते म्हणाले.

मी ते लिहिलं. आता शेवट असा झाला: 'ती भांडते. एकदा तिनं माझ्या नकाशातली चूक भर वर्गात दाखवली आणि मी तिला खाली बसवलं. तिचं बरोबर होतं, हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही.' त्यांनी सही केली आणि आपल्या मेलवरून पत्र स्वतः पाठवलं. मराठी पानं मला दिली.

संध्याकाळी घरी पोचले तर अण्णा दारातच होते. काय झालं, विचारलं. मी काही न सांगता सरांची पानं वाचून दाखवली. 'ती भांडते' ऐकून ते म्हणाले, हे मातर खरं लिहिलंय. त्याच्या पुढची ओळ त्यांनी परत वाचायला लावली. मी वाचली. मग पुन्हा एकदा वाचायला लावली.

"न्हाईच झालं या खेपेला," ते म्हणाले, "तर फुडच्या वर्साला परत कर अर्ज."

तो करावा लागला नाही.