हिरव्या गालांची बाई

कॅटलॉगमधल्या सगळ्या बायका मी गोऱ्या केल्या. मला कोणी तसं सांगितलं नव्हतं.

२०१६च्या सुमारास मी मॉन्ट्रियलमधल्या एका छापखान्यात प्रीप्रेसला होतो. म्हणजे चित्राची फाईल मशीनवर जाण्याआधी तिचे रंग नीट करायचे. नोकरी नवी, प्रोबेशन चालू. काम आलं होतं एका म्युझियमचं. १९००च्या आगेमागे युरोपात रंगवलेल्या स्त्रियांचं प्रदर्शन होतं. कोणी आरशासमोर, कोणी हातात पंखा घेऊन, कोणी केस मोकळे सोडून नुसतीच बसलेली. कव्हरवर दिव्यापाशी बसलेली एक बाई होती. तिचे गाल चक्क हिरवे.

मला वाटलं, फोटोग्राफरचं चुकलं. असे फोटो काढताना चित्राशेजारी रंगांची एक पट्टी ठेवतात. पट्टीचे रंग बरोबर दिसले की चित्राचेही बरोबर. इथे पट्टी बरोबरच होती. पण मी पट्टीवर विश्वास ठेवला नाही, कारण माझा अनुभव दांडगा! पुण्यात मी बरीच वर्षं लग्नाचे अल्बम केले होते. नवरीचा चेहरा उजळायचा, गालांवर गुलाबी चढवायचं, डोळ्यांखालचं काळं पुसून टाकायचं. नवरीची आई खूश झाली की काम पास. माझ्या स्वतःच्या लग्नाचा अल्बमही मीच केला. तो बघून बायकोच्या मावशीनं "ही कोण?" असं विचारलं होतं. मी ते कौतुकात धरलं.

तीच सेवा मी युरोपला दिली.

प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, बघायला म्युझियमच्या क्युरेटर एलेनबाई आल्या. साठीच्या, किरकोळ अंगाच्या, चष्मा दोरीनं गळ्यात. शेजारी माझा बॉस मार्सेल. मी शाबासकीची वाट बघत उभा.

बाईंनी कव्हर उचललं. "ही कोण?"

"तुमचीच. थोडी आजारी वाटत होती. बरी केली."

त्यांनी पानं उलटली. "आणि ह्या?"

"त्याही."

"सगळ्या?"

"एक सोडून. ती पाठमोरी आहे."

मार्सेल डोळे मिटून पुटपुटायला लागला. क्युबेकमध्ये शिव्या देतात त्या चर्चमधल्या वस्तूंच्या नावांनी. त्यानं अर्धं चर्च रिकामं केलं.

त्याचंही बरोबर होतं. दोनच दिवसांत छपाई सुरू व्हायची होती. उशीर झाला तर उद्घाटनाला कॅटलॉग नाही, मार्सेलच्या हातून म्युझियमचं काम गेलं आणि माझी नोकरीही.

"हे मी दुसऱ्याला देतो," तो मला म्हणाला. "तू घरी जा."

"नको." एलेनबाई भिंगातून माझ्या बाईच्या गालाची कड बघत होत्या. "गालावर आलेली केसाची बटसुद्धा धक्का न लावता सोडलीय यानं. इतक्या काळजीनं मी कोणाला नासधूस करताना पाहिलं नाही. यालाच करू द्या. पण आधी हा माझ्याबरोबर येईल."

मेट्रोनं आम्ही म्युझियमला गेलो. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेलं मीठ बुटांवरून झटकून बेसमेंटमध्ये उतरलो. चित्र तिथे भिंतीला टेकवून ठेवलं होतं.

"जवळ जा."

जवळून गाल हिरवेच. शेवाळी रंग, त्यावर गुलाबीचे दोन-चार फटकारे.

"आता मागे ये. अजून. पार दारापर्यंत."

दाराला पाठ टेकली आणि हिरवा रंग कुठे गेला तेच कळेना. एका गालावर दिव्याचा उजेड, दुसऱ्यावर संध्याकाळ. कातडीखाली रक्त वाहतंय असं वाटत होतं. चाळिशीची असेल, दमलेली, डोळ्यांखाली काळं. आणि माझी नजर तिच्यावरून हलेना.

"त्या काळात सुंदर बायका ढिगानं रंगवल्या जात होत्या," एलेनबाई म्हणाल्या. "गुलाबी, गुळगुळीत. बिस्किटांच्या डब्यांवरसुद्धा. या चित्रकारानं खाली हिरवा घातला म्हणून ही जिवंत राहिली. तू तिला उचलून डब्यावर बसवलंस."

म्युझियमनं मूळ फाईली पुन्हा पाठवल्या. या वेळी मी पट्टीचं ऐकलं. एलेनबाई शेजारी खुर्ची टाकून बसल्या. माझा हात गुलाबीकडे वळला की पेन्सिलीनं टेबलावर टकटक करायच्या. कॅटलॉग वेळेवर छापला गेला, मार्सेलचं काम राहिलं, माझी नोकरी पक्की झाली. त्या दिवशी बाई नुसत्या गप्प राहिल्या असत्या तरी मी घरी बसलो असतो. त्यांनी मला बघायला शिकवलं, तेही स्वतःचे दोन दिवस घालून. अजून फाईल उघडताना ती टकटक ऐकू येते आणि मनातल्या मनात त्यांना हात जोडतो. धडा म्हणाल तर एवढाच: बाई आजारी वाटली तर बरी करण्याआधी कोणाला तरी विचारावं. निदान पट्टीला.

एलेनबाईंनी दिलेली एक प्रत मी घरी आणली. माझ्या बायकोनं, माधवीनं, कव्हर हात लांब करून धरलं आणि बराच वेळ पाहिलं.

"दमलीय बिचारी. पण काय सुंदर आहे रे!"

मी खूश होऊन हिरव्या रंगाचं सगळं समजावून सांगायला लागलो. तिनं मला मधेच तोडलं.

"नशीबवान आहे. हिच्या लग्नाचा अल्बम तुझ्या हातात नाही पडला."