ऐंशीचा काटा

नव्या गाडीला हार घातला, नारळ फोडला, आईनं चाकाखाली लिंबू ठेवलं आणि तेवढ्यात तळमजल्यावरचे एक गृहस्थ चपला काढून थेट गाडीत येऊन बसले. माझ्या शेजारच्या सीटवर. ओळख ना पाळख. विश्रांतवाडीच्या त्या सोसायटीत मला जेमतेम महिना झाला होता. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "चालू कर."

मी मूळचा शनिवार पेठेतला. आमच्याकडे शेजाऱ्याच्या गाडीत असं बसायचं तर निदान दोन पिढ्यांची ओळख लागते. पण आवाजात असं काही होतं की मी गुपचूप किल्ली फिरवली. मिनिटभर त्यांनी इंजिन ऐकलं. "बंद कर. गुनाची हाय. पन बापू, ही तुले काही सांगनार नाही." एवढं बोलून ते उतरले, चपला घातल्या आणि निघून गेले. आईनं विचारलं, "कोण रे हे?" मला काय माहीत! पेढा द्यायचाही राहून गेला.

ते वानखडे काका. अमरावतीकडचे. पस्तीस वर्षं पुण्यात काढूनही त्यांनी पुण्याचा एक शब्द उचलला नव्हता, आणि याबद्दल मला त्यांचं मनापासून कौतुक आहे. काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या, मुलगा प्रशांत अमेरिकेत होता. काका एकटे राहत, स्वतःची भाकरी स्वतः थापत आणि संध्याकाळी सोसायटीला फेऱ्या मारत. नेहमी एकाच दिशेनं. समोरून कुणी भेटलं तर थांबून बोलत, पण त्याच्याबरोबर उलटे फिरत नसत.

त्यांची नोकरी ऐकून मला आधी हेवाच वाटला. एका मोठ्या वाहन कंपनीत ते चाचणी-चालक होते. दिवसभर गाडी चालवायची आणि वर पगार घ्यायचा! मी हे बोलून दाखवलं, तर ते हसलेसुद्धा नाहीत. कंपनीच्या भिंतीआड एक लांबोळा ट्रॅक होता. पाळीला बसलं की आठ तास त्याच ट्रॅकवर, त्याच दिशेनं, तक्त्यात लिहून दिलेल्या वेगानं गाडी फिरवायची. वेग बहुतेक ऐंशीचा. गाडीत एक यंत्र असे, ते गोल कागदावर वेगाची रेघ ओढत राही. पाळी संपली की साहेब तो कागद उजेडात धरून बघत. रेघ ऐंशीच्या वर गेली तर मेमो, खाली आली तर चाचणी बाद. "माही रेघ कंपासनं काढल्यावानी," काका सांगत. "सव्वीस वर्षं. एक मेमो नाही." यात अभिमान होता, आणि त्याच्या मागे आणखीही काहीतरी होतं. ते मला कळायला बरेच दिवस लागले.

मग देशाची दारं उघडली, कंपनीत परदेशी भागीदार आला, आणि त्याच्याबरोबर गाडी जागच्या जागी उभी करून चाकं फिरवणारी यंत्रं आली. यंत्राला डबा लागत नाही, लघवीला जायचं नसतं. चालकांना स्वेच्छानिवृत्तीचे कागद मिळाले. "इच्छा साहेबाची, निवृत्ती आपली," काका म्हणत.

घरी बसल्यावर त्यांनी भंगारवाल्याकडून एक गाडी उचलली. चौकोनी, दोन दारांची, मागच्या चाकांना जोर देणारी. तसल्या गाड्या निघायच्या बंद होऊन जमाना झाला होता. जुन्या बाजारातून एकेक भाग हुडकून त्यांनी ती आठ वर्षं बांधली. इंजिन तर चार वेळा उतरवलं. पार्किंगमध्ये ती ताडपत्रीखाली असे, आणि सोसायटीचे सेक्रेटरी दर सभेत 'सदर अडगळी'बद्दल नाराजी नोंदवत.

त्या काळात आम्हा आयटीतल्या पोरांना ट्रॅकचं वेड लागलं होतं. नगर रस्त्याच्या पुढे एका खासगी जागेत छोटा डांबरी ट्रॅक झाला होता, आणि महिन्यातून एका रविवारी तिथे हौशी लोकांना गाडी पळवू देत. आमचं ऑफिस येरवड्यात. त्यावरून व्हायचे तेवढे विनोद होऊन गेलेत, मी नवे करत नाही. पण सहा वर्षं मी एकाच परदेशी विमा कंपनीच्या एकाच जुन्या प्रणालीला ठिगळं लावत होतो. सकाळी गळ्यात पट्टा अडकवायचा, संध्याकाळी काढायचा. राजीनामा टाइप करून ठेवलेला होता, दर महिन्याला उघडून एखादा स्वल्पविराम बदलायचो आणि बंद करायचो. महिन्यातला तो एक रविवार नसता तर मला वेड लागलं असतं, खरंच सांगतो.

ऑफिसात सारखा वाद चाले: खिशाला परवडेल अशी चपळ गाडी ट्रॅकसाठी घ्यायची तर जुनी घ्यावी की नवी? मी रीतसर तक्ता केला. वजन, ताकद, ब्रेक, शंभरला पोचायला लागणारे सेकंद, सगळे रकाने भरले आणि मोठ्या ऐटीत काकांना नेऊन दाखवला. नवी गाडी प्रत्येक रकान्यात पुढे होती. काकांनी चष्मा लावून सगळा तक्ता वाचला.

"याच्यात गाडी कोठी हाय?"

"काका, हेच तर सगळं आहे!"

"हे तं लग्नाच्या स्थळाची माहिती झाली बापू." मग त्यांनी मला ताडपत्रीखालच्या गाडीत बसवून पहाटे आळंदी रस्त्याला नेलं. स्टिअरिंग हातात दिलं. हात भरून आले माझे. रस्त्यावरचा खडा न् खडा तळहाताला कळत होता. एका वळणावर मी उगाच ब्रेक मारला आणि मागचा भाग सरकला. "पाह्य," काका शांतपणे म्हणाले, "नवी गाडी तुही चूक पोटात घालते. ही तोंडावर सांगते. तुले कोनती पाहिजे ते तू ठरव."

"पण तुम्ही हिला कधी पळवलीत?"

त्यांनी डॅशबोर्डवरची धूळ बोटानं पुसली. "एकदा पुरी दाबायची हाय. एका वळनात. एवढ्यासाठीच बांधली. मंग इकली तरी चालते."

"मग दाबा की!"

"इथं? लोक हायेत बापू रस्त्यावर."

पुढच्याच महिन्यात प्रशांतचा फोन आला. फ्लॅटला गिऱ्हाईक आलं होतं, बाबांचा व्हिसा झाला होता, तिकीटही काढलं होतं. एकटं ठेवायचं नाही, असं मुलानं ठरवलं होतं, आणि त्यात त्याचं काय चुकलं? काका मला म्हणाले, "तिथं प्रत्येकाले खोली हाय म्हने. मलेही एक हाय." एवढंच. हातात एक महिना, आणि त्यात ट्रॅकचा एकच रविवार. मी त्यांचं नाव नोंदवून आलो. आठ वर्षांचं काम होतं, ते या एका दिवशी झालं तर झालं.

त्या रविवारी काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. पाळीला जाताना घालत तसा. आधी मी माझी नवी गाडी पळवली. लॅप बरा लागला, पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग काका निघाले. पहिली फेरी सावकाश, ती समजू शकतो. दुसरी तशीच. तिसरीही. आमच्यातला एक जण ओरडला, "काका, फुल्ल मारा ना! क्या यार!" चौथी फेरी झाली, तेव्हा घड्याळ धरून बसलेली मुलगी माझ्याजवळ आली. "सर, वॉच बिघडलंय का? मागचे तिन्ही लॅप सेम आलेत. सेकंदाला सेकंद."

वॉच ठीक होतं. मी धावत जाऊन गाडी थांबवली. काकांचा शर्ट घामानं अंगाला चिकटला होता.

"काय झालं काका? गाडी ओढत नाही का?"

"गाडी ओढते. ऐंशीले पाय उचलते."

"कोण?"

"पायच उचलते ना बापू!"

मी शेजारी बसलो. पुन्हा निघालो. माझं लक्ष त्यांच्या पायाकडे होतं. सत्तर. पंच्याहत्तर. इंजिन सुरेख वाजत होतं, पुढे रस्ता मोकळा, वळण लांबून दिसत होतं. काटा ऐंशीला टेकला आणि त्यांचा उजवा पाय हलकेच वर आला. कुणी दोरी ओढावी तसा. त्यांनी दात दाबले, पुन्हा पाय रोवला, पोटरी थरथरायला लागली, आणि पाय पुन्हा वर. तीन फेऱ्या असंच चाललं. तिसऱ्या फेरीत त्यांनी मूठ वळून स्वतःच्या मांडीवर दाणकन् मारली. मला बघवेना. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

गाडी कडेला लावून ते म्हणाले, "मले वाटलं होतं, भिंत कंपनीची हाय."

"काका, मी चालवू? तुम्ही शेजारी बसा. वळण तरी बघाल."

"नको. आज नको." आणि परतीच्या वाटेवर ते चक्क झोपले. किंवा डोळे मिटून बसले असतील, मी विचारलं नाही.

जायच्या दिवशी त्यांनी मला किल्ली दिली. मी नको नको म्हणत होतो. "ठेव. इकू नको. अन् तू दाब," ते म्हणाले. "तुहा पाय अजून तुहा हाय." टॅक्सीत बसताना मी वाकून नमस्कार केला, तेव्हा त्यांनी माझ्या पाठीत एक धपका घातला. तो माणूस असं काही करील असं कधी वाटलं नव्हतं. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

मग रविवारी सकाळी त्यांचा फोन यायचा. तिथे शनिवारची संध्याकाळ असे. सून चांगली होती, नातू मराठीत 'आबा' म्हणायचा. काकांनी लायसनही काढलं होतं. "कशी वाटते गाडी?" मी विचारलं. "चांगली हाय. सगळे माह्यापुढून जातात. मी ऐंशीच, इथल्या काट्यावर पन्नास मैल. कोनी हॉर्नबी वाजवत नाही. वाजवला असता तं बरं झालं असतं."

दोन महिने मी ताडपत्री काढली नाही. मग एका रविवारी काढली आणि ट्रॅकवर गेलो, एकटाच. सांगायचं तर माझी नवी गाडी एका फेरीत अजूनही तीन सेकंदांनी पुढे आहे. माझा तक्ता जिंकला म्हणायला हरकत नाही. पण ते वळण मी काकांच्या गाडीतून घेतलं आणि उतरलोच नाही, पुढच्या फेरीच्या रांगेत पुन्हा गाडी लावली.

पुढच्या रविवारी फोन आला. "काढली का गाडी?"

"काढली."

"किती गेली?"

मी खोटं बोललो. "पंच्याऐंशीलाच दम टाकला, काका. जुनं इंजिन. तुमच्या पायाचा दोष नव्हता तो."

"बापू," ते म्हणाले, "ते इंजिन मी बांधलं हाय."

माझी मान खाली गेली. फोनवर मान खाली घालून काय उपयोग, पण गेली. "एकशे अठरा," मी म्हणालो.

"हाव. तेवढी जाते." मग जरा थांबून, "वळनात मागचं सुटलं?"

"सुटलं."

"सांग."

मी सगळं सांगितलं. सरळ रस्ता, तिसरा गिअर, ऐंशी, नव्वद, काचा कशा वाजायला लागल्या, स्टिअरिंग एकाएकी कसं हलकं झालं, मागचा भाग बाहेर जायला लागला तेव्हा पाय न उचलता मी चाक कसं फिरवलं, आणि गाडी कशी वळणाबाहेर सरळ होऊन निघाली. पलीकडून हूं नाही की चूं नाही. मला वाटलं, लाइन तुटली.

"काका? आहात ना?"

"ऐकून रायलो. ऐंशीच्या पुढचं पुन्हा सांग. सावकाश सांग."