आरशाला थंड करणारी वेणी

राग माझ्या नाकावरच असतो. बाबांना त्याची सवय होती, मरोळच्या गाळ्यातल्या माणसांना नव्हती. त्या गाळ्यात बाबा तीस वर्षं फिटर होते, आणि आमच्या प्रयोगशाळेचं एक काम मीच तिथे नेलं होतं.

काम असं. दूर कुठेतरी दोन मेलेले तारे एकमेकांवर आदळले की अवकाशालाच बारीक लाट येते. ती पकडायला टांगलेले आरसे वापरतात. आरसा हलतो तो अणूच्या गाभ्याहूनही कमी. पण तो उबदार असला तर त्याचे स्वतःचेच अणू थरथरतात आणि त्या गडबडीत लाट हरवते. म्हणून आरसा उणे अडीचशे अंशांपर्यंत थंड करायचा. थंड करणारं यंत्र मात्र सतत धडधडतं. ते आरशाला थेट जोडलं तर केलेलं सगळं फुकट. मध्ये अॅल्युमिनियमच्या केसासारख्या तारांची मऊ वेणी लागते. तिच्यातून उष्णता निघून जावी, धक्का येऊ नये.

भांडुपच्या घरी हे सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "म्हंजे शेजाऱ्यांसारखा. वाटी येवची-जावची, भांडाण येवचा नाय."

त्यांचे डोळे तेव्हा अधू व्हायला लागले होते. हे आपलं शेवटचं बारीक काम, असं तेच म्हणायचे. हातमोजे घालून, चिमट्याने एकेक तार धरून चार महिने त्यांनी ती वेणी वळली. चाचणीत ती इतकी छान उतरली की मी घरी पेढे आणले. परदेशातल्या त्या आरशाला बाबांच्या हातचं काही लागणार, याचा मला त्यांच्याहून जास्त ताठा होता.

खंडेनवमीला गाळ्यात यंत्रांची पूजा होते. लेथला, ड्रिलला झेंडूचे हार, हळदकुंकू. चाचणीनंतर वेणी पाकिटात बंद करून गाळ्यातच ठेवली होती. दसरा झाल्यावर मी ती न्यायला गेले, पाकीट दिव्याखाली धरलं, तर तारांच्या आत पिवळं दिसलं.

"पूजा केल्याशिवाय कशी धाडूची?" बाबा म्हणाले. "मगे स्पिरिटान पुसलंय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. थंड आरसा भोवतालचं सगळं स्वतःवर ओढून घेतो. हळदीतलं तेल नेमकं त्याच्यावरच जाऊन बसलं असतं. हे मी त्यांना दहादा सांगितलं होतं. "इतकं साधं कळत नाही तुम्हाला? सगळ्याची वाट लावलीत!" मी ओरडले. लेथवरच्या माणसाने मशीन बंद केलं. सगळे बघत होते.

बाबा एवढंच म्हणाले, "बाय, माका वाटला पुसल्यार जातला."

वेणी नाकारल्याच्या कागदावर मी 'हाताळणीतली चूक' असं लिहिलं. खोटं काहीच लिहिलं नाही. सही करताना वाईट वाटायला हवं होतं, तेही वाटलं नाही. दुसरी वेणी वळण्याइतके बाबांचे डोळे राहिले नव्हते. ती दुसरीकडून करून घेतली. बाबा गाळ्यात जायचे थांबले, आणि घरात आमचं बोलणं भाजी नि औषधांपुरतं उरलं.

दोन वर्षांनी छातीत पाणी झालं म्हणून त्यांना मुलुंडला हॉस्पिटलात ठेवलं होतं. त्याच आठवड्यात आरसा हवा तितका थंड झाल्याचं आम्हाला कळलं. मी माफी मागायचं ठरवूनच गेले. वाक्यही जुळवून ठेवलं होतं. मी स्टूल ओढत होते तोच त्यांनी विचारलं, "आरसो थंड झालो?"

"झाला."

आता विचारतील, कोणाच्या वेणीने? मी वाट बघत राहिले. त्यांनी डोळे मिटले.

"बरा झाला. माझ्यापायी तुझा काम अडला, असा वाटा. दोन वर्सा देवाक ह्याच सांगत होतंय."

जुळवलेलं वाक्य उद्या बोलू, असं ठरवून मी त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली आणि निघाले. सकाळी हॉस्पिटलातून फोन आला.