अर्धी जीप

जगदीश सावदेकरांना आमच्या सरोजिनी नगरात सगळे 'जीपवाले' म्हणत. ते लखनौच्या अमौसी विमानतळावर इलेक्ट्रिकल विभागात होते, धावपट्टीचे दिवे सांभाळायचं काम त्यांच्याकडे होतं. पण ते कुणाच्या लक्षात राहत नसे. लक्षात राहायची ती त्यांच्या फाटकात उभी असलेली हिरवी, बंद टपाची, लांब डिझेल जीप. मी शेजारच्याच घरात राहायचो. रविवारी सकाळी चहा घेऊन ओट्यावर आलो की जगदीशरावांचे फक्त पाय दिसायचे. बाकीचे जगदीशराव जीपखाली पोत्यावर आडवे असत.

जीप त्यांची एकट्याची नव्हती. विश्वास नाफडे आणि त्यांची भागीत होती. नाफडे हजरतगंजच्या एका बँकेत अधिकारी होते. दोघेही यावल तालुक्यातले, एकमेकांना लखनौत येऊन भेटलेले, आणि परमुलखात गावाकडचं माणूस भेटल्यावर जशी होते तशी घट्ट मैत्री झालेली. एका मे महिन्यात पुष्पक एक्स्प्रेसचं आरक्षण मिळालं नाही, म्हणून दोन्ही कुटुंबं संडासाच्या दाराशी ट्रंकांवर बसून भुसावळपर्यंत गेली. त्या प्रवासातच दोघांनी ठरवलं की पुन्हा असं जायचं नाही, अर्धे अर्धे घालून गाडी घ्यायची. सन नव्वद होतं. नाफड्यांना बँकेतून स्टाफ लोन स्वस्तात मिळत होतं, म्हणून कर्ज त्यांच्या नावावर काढलं आणि त्यामुळे जीपही त्यांच्याच नावावर झाली. नाफडे राहत तिथे गल्लीत गाडी लावायला जागा नव्हती, म्हणून ती सावदेकरांच्या फाटकात उभी राहिली. हप्त्याचा अर्धा भाग जगदीशराव दर महिन्याला नेऊन हातात देत. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही.

पहिली दोन-तीन वर्षं खरोखरच सुखाची गेली. शाळांना सुट्टी लागली की दोन्ही घरं पहाटे निघायची. कानपूर, झाशी, सागर, भोपाळ, मग खंडवा-बऱ्हाणपूर करत गावी. येताना मागच्या बाकांमध्ये दादर ज्वारीचं पोतं, ज्वारी-उडदाच्या कळण्याचं पीठ, आंब्याची करंडी. आम्हालाही त्यातलं काही मिळायचं. जीप कुठेही अडली नाही. सागरच्या पुढच्या घाटात लोकांच्या गाड्या बॉनेट उघडून उभ्या असायच्या आणि ही त्यांच्या शेजारून निघून जायची, असं नाफडे कौतुकानं सांगत. गाडी नशिबानं चांगली मिळाली, असं त्यांचं म्हणणं होतं.

नशिबाचा भाग असेलही थोडा. बाकीचा भाग जगदीशराव रविवारी पोत्यावर पडून करत होते. ऑइल बदलायच्या आधी बदलायचं, पट्टा तुटायच्या आधी काढून टाकायचा, ब्रेक आवाज करायला लागायच्या आधी उघडून बघायचे. विमानतळावर दिवा विझल्यावर बदलून चालत नाही, त्याच शिस्तीनं ते जीपकडे बघत. स्वतःला जमेल ते घरी, न जमेल ते ट्रान्सपोर्ट नगरातल्या मिस्त्रीकडे, तोही त्यांच्या डोळ्यांसमोर. सुटे भाग आणायला लाटूश रोडला स्वतः जायचे आणि चार दुकानं हिंडून यायचे.

खर्चाची कुरकुर तिथूनच सुरू झाली. नाफड्यांचं म्हणणं, "यार, चालतेय ना नीट? मग कशाला खोलतोस? बिघडेल तेव्हा बघू." जगदीशरावांना दर वेळी जाऊन अर्धे मागायची लाज वाटू लागली. आधी त्यांनी फिल्टर, पट्टे असलं किरकोळ मागणं सोडलं. मग ब्रेकचं. मग स्प्रिंगचे पाटे बदलले तेव्हाही पैसे मागितले नाहीत. विमा आणि टायर तेवढे भागीत राहिले, तेही पुढे राहिले नाहीत. पद्मिनीवहिनी, म्हणजे जगदीशरावांच्या पत्नी, आमच्या घरी येऊन बसल्या की म्हणत, "ह्यांना मागता येत नाही आणि त्यांना कळत नाही."

पण जगदीशरावांची बाजू अगदी स्वच्छ होती असंही नाही. जितका खर्च ते एकटे करू लागले, तितकी जीप त्यांच्या मनात एकट्याची होत गेली. मुलांनी आत शेंगा खाल्ल्या की ते बोलत. सुलभा नाफडे चपलेला चिखल घेऊन चढल्या तर गाडी थांबवून पायपुसणं पुढे करत. नाफड्यांना कधी मध्येच गाडी हवी झाली तर ती कुठे न्यायची, कोण चालवणार, रस्ता कसा आहे, असे शंभर प्रश्न. सन पंच्याण्णवच्या उन्हाळ्यात नाफड्यांच्या हिमानीला प्रवासात उलटी झाली. पोरगी तापानं फणफणली होती. जगदीशरावांनी गाडी बाजूला घेतली, खाली उतरले आणि आधी सीट पुसायला घेतली. सुलभावहिनींनी पोरीचं तोंड स्वतःच्या पदरानं पुसलं. त्यानंतर नाफडे मंडळी गावी आगगाडीनंच जाऊ लागली.

पुढच्याच वर्षी इंजिन खोलायची वेळ आली. एवढ्या धावेनंतर ती कोणत्याही गाडीला येतेच. नाफडे म्हणाले, आता विकून टाकू, हिमानीच्या कॉलेजची फी आहे, मला यात पैसे घालायचे नाहीत. जगदीशराव म्हणाले, मी घालतो. त्यावर नाफडे म्हणाले, "मग तुझी मर्जी."

हे तीन शब्द जगदीशरावांनी मनाशी धरून ठेवले. नाफड्यांनी आपला हिस्सा सोडला, असा त्यांनी त्याचा अर्थ घेतला. विचारून खात्री केली नाही. मैत्रीत असं विचारायचं नसतं, असं त्यांना वाटत होतं. इंजिनासाठी त्यांनी भविष्यनिर्वाह निधीतून पैसे उचलले. त्याच सुमारास कानपूर रोडच्या पलीकडे एका नव्या वसाहतीत प्लॉटची नोंदणी चालू होती. पद्मिनीवहिनींचा जीव त्या प्लॉटवर होता. भाड्याच्या घरात संसार काढलेल्या बाईला स्वतःच्या चार भिंती हव्या होत्या. तो निधी त्यासाठीच ठेवलेला होता. नोंदणीची मुदत संपली तेव्हा जीप ट्रान्सपोर्ट नगरात मिस्त्रीकडे उघडी पडलेली होती. नाफड्यांनी मात्र त्या वसाहतीत कोपऱ्याचा प्लॉट घेतला.

वहिनी त्या दिवसांत नवऱ्याशी कामापुरतं बोलत. जगदीशराव माझ्याकडे येऊन बसायचे आणि म्हणायचे, "बघा, आता दहा वर्षं हात लावायला नको हिला." ते खोटं नव्हतं. जीप नव्यासारखी चालत होती.

नव्व्याण्णवच्या थंडीत हिमानीचं लग्न ठरलं. मुलाकडचे कानपूरचे, मूळचे मराठीच, पण तीन पिढ्या तिथे राहून घरात हिंदी बोलणारे. बांधकामाचा व्यवसाय. एका रविवारी नाफडे मिठाई घेऊन सावदेकरांकडे आले. मीही तिथेच होतो. पेढे झाले, लग्नाची तारीख सांगून झाली. मग नाफडे सहज म्हणाले की हिमानीला लग्नात जीप द्यायची ठरवली आहे. जावईबापूंना साइटवर जायला उपयोगी पडेल. नवा रंग ते स्वतः देऊन घेतील, पण आतलं सगळं जगदीशनंच एकदा नीट बघून द्यावं.

जगदीशरावांनी हातातला पेढा परत बशीत ठेवला. मग म्हणाले, "विश्वास, अर्धी माझी आहे. आणि इंजिन तर पूर्ण माझं."

नाफडे ओशाळले, पण क्षणभरच. "यार, मी तुला कधी म्हटलं होतं इंजिन कर म्हणून? मी विकूच म्हणत होतो. आणि इतकी वर्षं गाडी तुझ्या दारात होती, तूच वापरलीस की. माझी सुलभा तिच्यात बसायला घाबरायची. हिशोबच करायचा तर मग सगळाच करू."

सावदेकरांचा सिद्धेश तेव्हा कॉलेजात होता. तो मराठी समजायचा, बोलायचा मात्र हिंदीत. आतल्या दारातून म्हणाला, "पापा, पेपर्स तो अंकल के ही नाम पे हैं." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. जे खरं ते त्यानं सांगितलं. पण बापानं मुलाकडे जे बघितलं, ते मला आजही आठवायला नको वाटतं.

नाफडे चहा न घेता गेले. जाताना किल्ली मागितली नाही. लग्नाच्या आधी न्यायला येतो, एवढंच म्हणाले.

मला वाटलं, आता जगदीशराव जीपला हात लावणार नाहीत. वहिनींनाही तसंच वाटलं. पण पुढच्या रविवारी पाय जीपखाली दिसले. वहिनी ओट्यावर येऊन सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अजून काय द्यायचं राहिलंय त्यांना?"

जीपखालून उत्तर आलं, "ब्रेक तसेच सोडू का? पोर बसणार आहे त्यात."

त्यांनी ब्रेक केले, चाकांचे बेअरिंग धुऊन ग्रीस भरलं, बॅटरी नवी टाकली. मी विचारलं, बॅटरी कशाला? ते म्हणाले, थंडी आहे, सकाळी सुरू व्हायला नको का. रागानं केलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण ते रागानं करत नव्हते, सवयीनं करत होते, आणि बघणाऱ्याला ते जास्त लागत होतं.

लग्नाला आम्ही सगळे गेलो. वहिनी नको म्हणत होत्या, पण जगदीशराव म्हणाले, न गेलो तर गाडीसाठी रुसलो म्हणतील. मंडपाच्या बाहेर जीप झेंडूच्या माळा घालून उभी होती. नवा पांढरा रंग दिलेला. व्याही गाडीभोवती फिरून बघत होते. त्यांनी इंजिन सुरू करायला लावलं, कान देऊन ऐकलं आणि खूश झाले. नाफड्यांनी जगदीशरावांना पुढे बोलावलं आणि म्हणाले, "ये हमारे सावदेकर. गाड़ी का सब काम यही देखते हैं।"

नाफड्यांना अपमान करायचा होता, असं मी म्हणणार नाही. लग्नाच्या गडबडीत जे तोंडाला आलं ते बोलले. पण व्याह्यांनी समोरच्या माणसाचा साधा स्वेटर बघितला, काळी पडलेली नखं बघितली, आणि खिशातून एक नोट काढून त्यांच्या मुठीत दाबली. "बढ़िया रखी है गाड़ी. शादी का घर है, रख लीजिए."

नाफडे बघत होते. एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं, की हा माझा मित्र आहे, गाडी आमच्या दोघांची होती. ते वाक्य त्यांनी उच्चारलं नाही. त्यांना कुणीतरी आत बोलावलं आणि ते गेले. जगदीशरावांनी नोट परत केली नाही. चार लोकांत झटापट दिसली असती. ते नमस्कार करून बाजूला झाले आणि पंगतीला न बसता घरी आले.  नोटेचं काय केलं, ते वहिनींनाही कळलं नाही.

जीप कानपुरात वर्षभरसुद्धा राहिली नाही. जावयाला ती जुन्या पद्धतीची वाटली. उन्नावच्या एका तंबूवाल्याला विकून त्यानं नवी मोटार घेतली. हे कळलं तेव्हा जगदीशराव फक्त "हं" म्हणाले. त्या मे महिन्यात ते गावाला गेले नाहीत. वहिनी एकट्या गेल्या.

त्यानंतर महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत सावदेकर आणि नाफडे सतरंजीच्या दोन टोकांना बसत. लोकांनी समेट करायचा प्रयत्न केला, पण दोघेही म्हणत की भांडण झालेलंच नाही.

वर्ष सरता सरता एका रविवारी सावदेकरांच्या फाटकाशी हॉर्न वाजला. नाफडे नवी मारुती घेऊन आले होते. शेजारी सुलभावहिनी, मागे सामान. त्यांना कानपूरला लेकीकडे जायचं होतं आणि इंजिनातून चिरका आवाज येत होता. खाली न उतरता काच खाली करून नाफडे म्हणाले, "जगदीश, जरा ऐकतोस का?"

जगदीशराव फाटकापर्यंत आले. इंजिन चालूच होतं. त्यांनी थोडा वेळ ऐकलं, म्हणाले, "मिस्त्रीला दाखव," आणि आत निघून गेले. आज रविवार, मिस्त्री कुठे मिळणार, असं सुलभावहिनी म्हणत होत्या. थोडं थांबून गाडी कानपूर रोडकडे निघून गेली.

आत येऊन जगदीशराव पाणी प्यायले. वहिनींनी विचारलं, काय झालं होतं गाडीला. ते म्हणाले, पंख्याचा पट्टा सैल झालाय, आवळायला पाच मिनिटं लागली असती; असाच चालवला तर उन्नावच्या अलीकडे तुटेल.

"मग सांगितलं का नाही?"

"नाही सांगितलं."

त्या दुपारी ते अगदी तृप्त होऊन जेवले, दोनदा भात मागून घेतला. हे मला सांगताना पद्मिनीवहिनी रडत होत्या. प्लॉट गेला तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.