चौथी पट्टी

ट्राम बंद होत्या, म्हणून शकुन आणि शेजारचे मुकुंदभावोजी बालीगंजहून कालीघाटला पायीच निघाले होते. अर्धी वाट सरली होती. बहात्तर सालची ती सकाळ शकुनला अजून आठवते.

अकरा वर्षं भावोजी सहवैमानिकच होते. ज्येष्ठतेच्या यादीत नंबर लागला, पण कॅप्टनच्या चाचणीत नापास झाले. मागचे दोघे पुढे गेले. उद्या दुसरी चाचणी होती, आणि तीच शेवटची.

"देवीला काय मागणार?"

"उद्या वारा जरा बेतानं सोड म्हणेन."

शकुन हसली. परडीत हळदकुंकवाशेजारी तिनं कोटाच्या बाहीवरच्या तीन पट्ट्यांवर लावायची कॅप्टनची चौथी सोनेरी पट्टी ठेवली होती. "देवीच्या पायांना लावते आणि आजच कोटाला शिवून टाकते."

भावोजी थांबले. "वहिनी, एक ऐका. नुसती टाचून ठेवा. पक्की उद्या, मी आल्यावर शिवा."